चूक तोंडपाठ

पुस्तकातल्या चुकांवरून भांडणारे वाचक दोन जातींचे. पहिला लाल पेनवाला. हा कादंबरी वाचत नाही, तपासतो. नायिका शेवटचे आचके देत असते आणि याला दिसतं काय, तर 'मृत्यु'तला ऱ्हस्व उकार. डोळ्यांत पाणी यायच्या जागी समासात फुली येते. मग प्रकाशकाला पत्र, त्याची प्रत संपादकाला, आणि रात्री शांत झोप. दुसरा 'भावना पोचल्या ना'वाला. तुम्ही 'पाणी' लिहा, 'पाणि' लिहा, त्याची तहान भागल्याशी मतलब. या दोघांची जुंपलेली दिवाळी अंकांपासून संमेलनाच्या मांडवापर्यंत आपण बघत आलो आहोत. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे. बरोबर काय ते दोघांनाही ठाऊक असतं. एकाला त्याची चाड असते, दुसऱ्याला नसते, एवढंच.

तिसरा वाचक मराठवाड्यातल्या आमच्या कंधारला बसतो. त्याला राग येत नाही, कारण त्याला चूक दिसतच नाही. तो ती पाठ करतो.

पहाटे धावून आलेली, बुटांची माती न झटकताच अभ्यासिकेत बसलेली ही पोरं. पोलीस भरतीची लेखी परीक्षा शंभर गुणांची, वेळ नव्वद मिनिटं, आणि अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान यांच्या जोडीला मराठी व्याकरण. त्यातल्या एकाचं मार्गदर्शक पुस्तक हातात घेतलं. प्रश्न : शुद्ध शब्द ओळखा. पर्याय : (१) आशिर्वाद (२) आर्शीवाद (३) आर्शिवाद (४) आशिर्वाद. चारही चूक. पहिला आणि चौथा तर एकाच वारेचे जुळे. मागे उत्तरसूची म्हणते, तीन. पोरानं तीनला ठसठशीत गोल केलेला, शिवाय वहीत पाच वेळा लिहून काढलेला. म्हटलं, अरे, शी दीर्घ, आणि रफार वावर. आशीर्वाद.

"सर, बुकात तर तीनच दिलंय. मंग आमी काय पाठ करावं?"

माझ्याकडं त्यानं संशयानं पाहिलं. त्याचंही बरोबर होतं. मी कुठं छापलेला होतो?

छापील अक्षरावर हा एवढा विश्वास आला कुठून? निजामाच्या राज्यात कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, तेव्हा कुठं मराठी शाळा गावोगाव पोचायला लागली. कंधारात केशवराव धोंडगे यांच्यासारख्यांनी शाळा काढल्या, 'जयक्रांती' साप्ताहिक चालवलं. ज्यांच्या घरात छापील मराठी उशिरा आली, त्यांनी ती डोक्यावर घेतली. त्यातही गंमत बघा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली सरकारनं मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. म्हणजे जुन्या अनुस्वारांशी आमची नीट ओळख होते न होते, तोच त्यांचा निरोप समारंभ. तरी आमच्या लोकांनी तक्रार केली नाही. छापून आलंय ना, मग बरोबरच असणार.

आणि हे गाव काही अक्षराला नवखं नाही. राष्ट्रकूटांचा किल्ला इथं, जगत्तुंग सागर तलाव इथं, राष्ट्रकूटकालीन संस्कृत शिलालेखही इथलाच. जुन्या शिलालेखांतही लिहिणाऱ्याच्या, कोरणाऱ्याच्या चुका सापडतात. अभ्यासक काय करतात? मूळ पाठ तसाच ठेवतात आणि खाली टीप देतात की इथं अमुक असं वाचावं. हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाच्या वाचकाला तळटीप मिळते. पोलीस भरतीच्या पोराला साधं शुद्धिपत्र मिळत नाही. कधी मिळालंच, तर त्याच्यावर मथळा असतो 'शुद्धीपत्र'. सुरुवातच चुकीनं.

चुका होतात कशा, हे विचारायला गेलं की आंधळी कोशिंबीर सुरू होते. लेखक म्हणतो डीटीपीवाल्यानं केलं. डीटीपीवाला म्हणतो, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये घेताना रफार उडाले. फॉन्ट बिचारा बोलत नाही, म्हणून खटला तिथंच निकाली. खिळे जुळवायच्या काळातही चुका व्हायच्याच. पण पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, शेवटचं प्रूफ असा शिरस्ता होता आणि ती डोळ्यांत तेल घालून वाचणारा मुद्रितशोधक पगारावर होता. खर्च कमी करायची वेळ आली तेव्हा पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. आता चूक निघाली की 'मुद्राराक्षसाचा प्रताप' म्हणून हसून घ्यायचं. राक्षसाला कुणी सांभाळलंय, खायला कोण घालतंय, ते विचारायचं नाही.

प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी निघणाऱ्या पुस्तकांची तऱ्हा आणखी न्यारी. तिथं घाई मजकुराची नसते, आयएसबीएनची असते. या क्रमांकात तेरा अंक असतात आणि त्यातला शेवटचा अंक आधीच्या बारांत काही चुकलंय का ते पडताळण्यासाठीच असतो. म्हणजे अख्ख्या पुस्तकात तपासला गेलेला मजकूर तेवढाच.

कुणी हटकलं की काही प्रकाशक बोलीचा आडोसा घेतात. "मराठवाड्याची भाषा आहे साहेब, अशीच असायची." याच्याएवढी मराठवाड्याची बदनामी दुसरी नाही. 'काय करलालाव?' हे कंधारचा माणूस अगदी अचूक बोलतो. त्यातला 'ला' जरा इकडचा तिकडं झाला तर गल्लीतलं शेंबडं पोरही हसेल. बोलीला नियम असतात, फक्त त्यांचा शासन निर्णय निघालेला नसतो. 'रविवार'चा 'रवीवार' ही कुठल्याच गावची बोली नाही, ती निव्वळ हयगय आहे. आणि उलट बाजूचे शहाणेही आहेत. कथेतल्या म्हातारीच्या तोंडचं 'करलालाव' खोडून तिथं 'करीत आहात' बसवणारे. जिथं हात लावायचा तिथं लावत नाहीत, जिथं लावू नये तिथं दोन्ही हातांनी.

साधनं नाहीत म्हणावं तर तीही आहेत. यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश' आहे. अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' आहे. खिशाला परवडत नाही म्हणणाऱ्या प्रकाशकाला फडक्यांनी पुस्तकाच्या नावातच उत्तर देऊन ठेवलंय.

खरी मजा तर परीक्षेनंतर. स्पर्धा परीक्षेची उत्तरतालिका येते, हरकती मागवल्या जातात. हरकत नुसती घेऊन चालत नाही, पुरावा जोडावा लागतो. पुरावा म्हणजे पुस्तकाचं पान. पोरगं मोठ्या विश्वासानं त्याच मार्गदर्शक पुस्तकाचं पान जोडतं. हरकत फेटाळली जाते, गुण जातो, आणि एकेका गुणावर जिथं शेकडो पोरं अडतात तिथं वर्षही जातं. पुण्यातल्या वाचकाचं चुकीनं डोकं दुखतं. इथल्या वाचकाचं वय उलटून जातं.

आता आमच्या सोयाबीनचं बघा. बियाण्याच्या पिशवीला उगवणशक्तीचं लेबल असतं, किमान सत्तर टक्के. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, तेव्हा केवढी ओरड झाली. तक्रारी झाल्या, पंचनामे झाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. पुस्तकातलं बी बोगस निघालं तर पंचनाम्याला कोण येतं? उलट ते बी हमखास उगवतं. भरती न झालेलं पोरगं पुढं शिकवणी काढतं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'आर्शिवाद' लिहितं. समोरची तीस पोरं ते उतरवून घेतात.

तेव्हा मागणी साधी आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानांत मुखपृष्ठ कुणाचं ते छापता, अक्षरजुळणी कुणाची ते छापता, छापखान्याचा पत्ता छापता. तिथंच एक ओळ वाढवा, मुद्रितशोधन कुणी केलं त्याची. नाव छापलं की माणूस दुसऱ्यांदा वाचतो. आणि मुद्रितशोधक नेमलाच नसेल, तर तेही लपवू नका. 'या पुस्तकाचं मुद्रितशोधन ग्राहकानं स्वतः करून घ्यावं', असं मुखपृष्ठावर ठळक छापा आणि किमतीतून त्याची मजुरी वजा करा. एवढं एक वाक्य तरी बिनचूक छापा म्हणजे झालं.