कुकरची रिंग आणि जनता

"वहिनी, काल रात्री आवाज चढलेले का हो तुमच्याकडे? कान नव्हते लावले मी, खिडकी उघडी होती."

"अहो ताई, घड्याळ आलंय घरात. एचएमटी जनता. ह्या शेंगा धरा आधी, तुमच्या बाजूला वाकल्यात म्हणजे तुमच्याच. तर ह्यांना ७८ साली नोकरी लागली तेव्हा मामंजींनी घेऊन दिलेलं. पांढरी तबकडी, वर देवनागरीत 'जनता', आकडेही आपलेच. अंघोळ झाली की किल्ली द्यायची, मग चहा. एक दिवस बंद पडलं. दुकानात म्हणाले बॅलन्स गेला, पार्ट येत नाहीत. मी म्हटलं, द्या विकून. मीच म्हटलं हो! दोनशे आले. त्यात भाजी आणली आणि कुकरची रिंग."

"अगं बाई!"

"तेव्हापासून शिट्टी झाली की म्हणतात, 'बाबा बोलतायत.'"

"आमच्या आत्याचे यजमान ह्याच घड्याळासाठी लग्नात रुसलेले. मिळत कुठे होतं तेव्हा!"

"हे तर सगळा इतिहास सांगतात. १९६१ साली जपानच्या सिटिझनची मदत घेऊन बंगलोरला कारखाना काढला, इथपासून. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळं बंद करायचं ठरवलं, त्या दिवशी सुतक असल्यासारखे बसले होते. जेवले मात्र दोनदा."

"मग हे मिळालं कुठे?"

"आधी फसले ना! रविवारी जुन्या बाजारात गेले, बाराशेला भगव्या तबकडीचं आणलं. नुसतं लखलखतंय. मी म्हटलं, जनता भगवी कधी होती? मग त्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि हसायलाच लागले. माशीन एचएमटीचं, केस भलत्याच घड्याळाची, तबकडी कुणीतरी परवा रंगवलेली. अक्षरं सुजलेली आणि मिनिटांच्या रेघा काट्याला जुळेनात. परदेशातले शौकीन असल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात म्हणे."

"पंगतीतून वाट्या बदलून येतात तसंच की."

"तसंच! ह्यांचं तोंड बघून घड्याळजींनी आपल्या खणातून एक काढलं. पांढरी तबकडी, देवनागरी आकडे. साडेतीन हजार. मला अडीच सांगितले, पण पावती खिशात राहिली होती."

"तेच तर नसेल हो?"

"मलाही क्षणभर वाटलं. पण ह्याच्या मागच्या झाकणावर सुईनं कोरलंय, 'द. रा.' आमच्या घरात कुणी द. रा. नाही. मी म्हटलं, घासून काढा. तर म्हणाले, 'कुणाच्या तरी बाबांचं आहे, राहू दे.' आणि काल उशीखाली ठेवलं! सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार. हिशेब ह्यांचाच. मी म्हटलं, आता हे ठोके मोजू की झोपू? तेच तुम्ही ऐकलंत."

"वेळ तरी बरोबर दाखवतं का?"

"दिवसाला चार मिनिटं मागे. ह्यांना त्याचं काही नाही. सकाळी तुमच्या ह्यांच्या मोबाइलवरून लावतात, म्हणूनच फाटकाशी येतात. पेपर आपला निमित्ताला."

"अस्सं! आणि हे मला सांगत होते, राजकारणावर बोलतो."

"कसलं राजकारण! आणि किल्ली द्यायला मला हातसुद्धा लावू देत नाहीत. म्हणे तू जास्त पिळशील."

"शिट्टी झाली बघा तुमची. किती झाल्या?"

"दोन की तीन... अहो, किती झाल्या हो?"

आतून आवाज आला, "तीन. पहिलीपासून अकरा मिनिटं."

"बघा. गॅस मात्र मीच बंद करायचा!"