एकशे एक्क्याऐंशीवे मूल

इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळांतील जागांचे वाटप दरवर्षी 1 मार्चला किंवा त्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी जाहीर होते, आणि ज्यांच्या पाल्याला पसंतीची शाळा नाकारली जाते त्या घरांत अपिलाच्या फायली बाळसे धरू लागतात. सुनावणी किमान तीन सदस्यांच्या स्वतंत्र मंडळापुढे होते. पहिल्या टप्प्यात प्रवेशाचे निकष नीट लावले गेले का आणि आणखी एका विद्यार्थ्यामुळे शाळेच्या कामाला बाधा पोहोचेल का हे तपासले जाते, तर दुसऱ्यात ती बाधा आणि पाल्याची निकड यांपैकी भारी काय, हे ठरते. प्रवेशसंख्या, म्हणजे त्या इयत्तेसाठी आगाऊ जाहीर केलेली मर्यादा, 180 असल्यास तोवर प्रशस्त असलेला जिना 181व्या मुलाच्या पावलाने धोकादायक ठरतो आणि शाळेचे प्रतिनिधी भोजनगृहाचे क्षेत्रफळ तोंडपाठ म्हणून दाखवतात. पालकपक्षही मागे नसतो: कालपर्यंत पिपाणीलाही हात न लावलेल्या मुलाचे त्या शाळेच्या वाद्यवृंदावाचून किती अडते याचे निवेदन सिद्ध होते, आणि केवळ शाळेच्या उत्तम निकालांचे गुणगान करून भागत नाही हे जाणकारांनी बजावल्यामुळे तो मोह कसाबसा आवरून बसची वेळापत्रके व डॉक्टरांची पत्रे जोडली जातात. मंडळाचा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. तो पालकांच्या बाजूने लागल्यास तोच जिना सप्टेंबरात ते मूल निमूटपणे पेलतो आणि पुढल्या वर्षीच्या सुनावणीपर्यंत पुन्हा अरुंद होतो.