मराठवाड्यातल्या समुद्राची मोजणी

छत्रपती संभाजीनगरात घरी समुद्र पाळायचा असेल तर आधी नळाला पाणी कधी येणार ते पाहावं. मुंबईकरांनी 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उभारलं ते थेट मरीन ड्राइव्हवर, समोर अरबी समुद्र. आपला समुद्र जायकवाडीहून गोडा निघतो, गल्लीचा नंबर लागेल त्या दिवशी येतो, आरओमधून जातो आणि लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम सागरी मीठ घातल्यावर खारट होतो. मे महिन्यात पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोज वरून गोडं पाणी घालणं आलं. घरातली माणसं बादली मोजून आंघोळ करत असताना हे करायचं असल्याने पहाटेची वेळ बरी.

आता अल्कॅलिनिटी. टाकीतल्या पाण्याची आम्ल जिरवायची ताकद किती, त्याचं हे माप, डीकेएच या एककात. खऱ्या समुद्रात ती 7 डीकेएचच्या आसपास असते, हौशी मंडळी 7 ते 11 चालवून घेतात. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात, त्यात आम्ल तयार होतं आणि ही ताकद घटत जाते. तिच्यावर खरा ताव मारतात ती दगडी प्रवाळं. पण ती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेली आहेत. तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये. पाहुण्यांनी फारच आग्रह धरला तर काकांच्या अंगठीतलं पोवळं दाखवावं.

ही ताकद मोजायची म्हणजे पाण्यात रंग टाकून तो पालटेपर्यंत किती आम्ल लागतं ते पाहायचं. त्याचं तयार किट महाग पडतं, म्हणून रसायन घरीच करावं. हे जाहीर केल्याबरोबर सल्ले सुरू होतात. लिंबू पिळू नये. प्रत्येक लिंबाचा आंबटपणा निराळा. हळदही नको. ती लाल होते ती अल्कलीत, आणि आपल्याला रंग बदलायला हवा तो साडेचारच्या पीएचला. तिथे हळद ढिम्म पिवळी राहते. संडास धुवायच्या अ‍ॅसिडचं तर नावही काढू नये.

प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्याकडून 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल आणावं. चष्मा आणि हातमोजे घालून ते 100 मिली घ्यावं, 900 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये हळूहळू सोडावं. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नव्हे. हा क्रम सासू-सुनेच्या वादातही बदलू नये. सोबत रंगासाठी ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचं पाण्यात विरघळणारं सोडियम मीठ, 100 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये 0.1 ग्रॅम. मग औषधाच्या दुकानातून 40 युनिटची, लाल टोपणाची इन्सुलिन सिरिंज. दुकानदार हमखास विचारेल, ‘शुगर कोणाला निघाली?’ ‘समुद्राला’ म्हणू नये, चौकशी वाढते.

टाकीतलं 28 मिली पाणी घ्यावं, रंगाचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी निळं होईल. सिरिंजमधून आम्ल थेंबथेंब सोडत हलवत राहावं. निळ्याचं हिरवं होईल, तिथे हात आखडता घ्यावा. हिरव्यात पिवळी झाक आली की थांबावं. सिरिंजवरच्या 4 रेघा म्हणजे 1 डीकेएच. 28 मिलीचा हट्ट त्यासाठीच: हिशेब सुटसुटीत येतो.

पण आपलं आम्ल खरोखर तेवढ्याच ताकदीचं आहे, हे कोण सांगणार? इथे खायचा सोडा कामाला येतो. 8.4 ग्रॅम सोडा 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये. त्यातलं 25 मिली घेऊन पुन्हा 1 लिटर करावं. हे पाणी बरोबर 7 डीकेएचचं, म्हणजे 28 रेघांना रंग पालटायला हवा. 30 लागल्या तर आम्ल पातळ आहे. पुढच्या प्रत्येक आकड्याला 28 ने गुणून 30 ने भागावं. आता स्वयंपाकघरातल्या काट्याला दशांश कळत नाही. म्हणून सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे जावं, पुडी उघडून पांढरी पूड काट्यावर ठेवावी आणि शेजारी मंगळसूत्र पाहत बसलेल्या मंडळींकडे अजिबात बघू नये.

आकडा 7 ते 11 मध्ये असेल तर काही करू नये. सगळ्यात अवघड पायरी हीच. कमी असेल तर 100 लिटर टाकीला 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम सोडा पुरतो; दिवसाला त्याहून जास्त चढवू नये. तपासलेलं पाणी मोरीत ओतावं, टाकीत परत नको, कितीही जीव तुटला तरी. आणि आम्ल पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. या शहरात भरलेली बाटली दिसली की कोणीही आधी तोंडाला लावतो, मग विचारतो.