पंधराव्या वित्ताला हार कोण घालणार?

"ऐकलंस का गं, खालच्या आळीत हायमास्ट लागला!"

काकूंनी कुंपणावरून मान काढली, तेव्हाच ओळखलं की आज माझी भाजी करपणार.

"लागू दे की. उजेडच पडेल."

"उजेड पडला तो फलकावर! 'आमदारसाहेबांच्या विशेष प्रयत्नांतून', म्हणे. अगं, २५१५ चं काम ते. ग्रामविकास खात्याच्या त्या लेखाशीर्षातून पैसे सुटतात, पण कुठल्या गावात कुठलं काम, ते लोकप्रतिनिधींनी सुचवायचं. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं, जिलबी येतेच."

काकू एके काळी ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. सदस्यपद गेलं, हिशेब विचारायची खोड काही गेली नाही.

"आणि आपली पाण्याची टाकी?"

"ती पंधराव्या वित्त आयोगातली. दिल्लीचा पैसा. राज्याराज्यांत त्याची वाटणी ९० टक्के लोकसंख्येवर, १० टक्के क्षेत्रफळावर. आपल्याकडे त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, उरलेले पंचायत समितीला आणि झेडपीला दहा-दहा. वर ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता सोडून कशाला हात लावायचा नाही. यात साहेबांनी शब्द टाकला कुठे? म्हणून टाकीवर कुणाचा फोटो नाही, आणि टाकीचं उद्घाटन झालेलं कुणाला आठवतही नाही."

"मग बरंच आहे की हे."

"बरं आहे, पण त्यातही मेख आहे. निवडून आलेली बॉडी नसेल तर पैसे नाहीत. २०२२ मध्ये बहुतेक झेडप्यांची मुदत संपली. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टात तारखांवर तारखा. सीईओच प्रशासक होऊन बसले. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तोवर ते दहा-दहा टक्के अडलेच ना? निवडणूक काय गावाने लांबवली होती? पण खिसा आपलाच कापला गेला!"

काकूंची नात पुण्याला अर्थशास्त्र शिकते. सुट्टीत आली की आजीला असलं काहीबाही पुरवत असते. स्तुती खेमाणी म्हणून एक अर्थतज्ज्ञ आहेत. त्यांनी केंद्राकडून राज्यांना जाणाऱ्या पैशांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये छापून आला. जिथे वाटणी राजकारण्यांच्या हातात, तिथे आपल्या पक्षाच्या राज्यांना झुकतं माप. वित्त आयोगाच्या वाटणीत मात्र तसं नाही. काकूंनी हे मला इतक्या थाटात सांगितलं, जणू आयोगाच्या बैठकीला त्याच सतरंजीवर बसल्या होत्या.

"एवढं शिकायला पुण्याला कशाला जायला हवं?" मी म्हटलं. "सरकार बदललं की आपल्याला इथे बसल्या जागी कळतं."

"कळतं म्हणजे! २०१९ च्या शेवटी सरकार बदललं, आधीच्यांनी मंजूर केलेल्या कामांना स्थगिती. २०२२ ला पुन्हा बदललं, पुन्हा स्थगिती. नाव कुणाचं घ्यायचं, दोघांनीही तेच केलं. त्या खेपेला तर ग्रामपंचायती हायकोर्टात गेल्या. गटार तेच, गाव तेच. पण मंजुरीवर सही दुसऱ्याची होती ना!"

(काकूंचा भाचा ठेकेदार आहे आणि त्याचं एक बिल तेव्हापासून लटकलेलं आहे, हे इथे सांगितलेलं बरं. पण म्हणून त्या बोलतात ते खोटं ठरत नाही.)

"आता खरी बातमी ऐक," काकूंनी आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज तीन घरांपलीकडे जातो. "आपले सरपंच परवा साहेबांच्या वाढदिवसाला बुके घेऊन उभे होते."

"आपले? ते तर दुसऱ्या बाजूचे ना?"

"अजून आहेत. पण बुकेबरोबर मागणीचं पत्रही दिलंय. स्मशानभूमीला शेड, देवळापुढे सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकचे दोन रस्ते."

"दोनातला एक आपल्या गल्लीचा असेल हो?"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "विधानसभेला आपल्या बूथवर लीड कुणाला होतं, आठवतंय ना? मग कशाला विचारतेस!"