नानांची तीन पावलं

नानांना सोबत घेऊन कुणी गाडी बघायला जाऊ नये. गेलात, की बुकिंग राहतं बाजूला आणि शोरूमचा पोरगा हातात कॅटलॉग घेऊन नानांच्या मागे मागे सरकत राहतो. नाना किंमत विचारत नाहीत, दार उघडत नाहीत, मायलेजचं तर नावच नको. नाना तीन पावलं मागे जातात. मान डावीकडे कलते, एक डोळा बारीक होतो आणि निकाल लागतो, "चेहरा नाही भो हिला."

झालं. ज्या गाडीसाठी तुम्ही सहा महिने पीएफचे आकडे मांडलेत, तिला चेहराच नाही. त्यानंतर ती घेतलीत तरी रोज सकाळी पार्किंगमध्ये तिच्या तोंडाकडे बघायची तुमची हिंमत होत नाही.

आता तीन पावलं मागे जाणं ही साधी गोष्ट, असं तुम्हाला पुण्यात बसून वाटेल. आम्ही सुरतेजवळच्या हजीऱ्याला राहतो. इथे पाठीमागून कधी स्टीलच्या कॉइल लादलेला ट्रेलर येत असतो, तर कधी चाकं मोजता येणार नाहीत अशा गाडीवरून एखादा अजस्र रिॲक्टर जेट्टीकडे निघालेला असतो. मोरा गावाजवळ एकदा नाना कुणाच्यातरी नव्या सेल्टोसचा चेहरा बघायला असेच मागे सरकले. ट्रेलरवाल्याने ब्रेक दाबत दिलेली शिवी अस्सल भोजपुरी होती. नानांना ती कळली नाही. ते म्हणाले, "मागून बरी दिसते."

2022 मध्ये इथे स्टीलच्या कारखान्यातल्या स्लॅगपासून सहापदरी रस्ता तयार झाला, देशातला तसा पहिलाच. लांबी जेमतेम किलोमीटरभर, पण बघायला कुठून कुठून इंजिनीयर आले. खडीऐवजी स्लॅग, जाडी कमी, वर अवजड वाहनांची रांग, असं सगळं एक साहेब समजावून सांगत होते. नाना रस्त्याच्या कडेला गेले आणि तीन पावलं मागे सरकले. रस्त्याला चेहरा आहे की नाही, हे त्यांनी अजून जाहीर केलेलं नाही.

नाना मूळचे अमळनेरचे. ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने खानदेशातून सुरतेला आलेल्या हजारोंपैकी एक. बाकीचे उधना-लिंबायतच्या लूमवर राहिले, नाना डिप्लोमाच्या जोरावर नदीच्या अलीकडे आले आणि एका मोठ्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये कोटिंग इन्स्पेक्टर झाले. म्हणजे दोनमजली घराएवढ्या लोखंडी व्हेसलवर रंगाचे थर नीट बसलेत का, हे तपासायचं. खिशात डीएफटी मीटर. रंगावर टेकवला की थर किती मायक्रॉनचा ते दाखवतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी नाना अख्खा पॅच परत करायला लावतात. ठेकेदार त्यांना चहा पाजून थकले.

असा माणूस स्वतःच्या गाडीला काय काय चिकटवतो, ते आता ऐका.

पहिली मारुती 800, पांढरी, सेकंडहँड. तिला मागे स्पॉयलर. पन्नासच्या वर गेली की थरथरणाऱ्या गाडीला स्पॉयलर कशाला, हा प्रश्न त्या काळात कुणी विचारत नसे. चाकांवर चकाकते कॅप, मागच्या काचेपाशी मान डोलावणारा कुत्रा आणि रिव्हर्सला वाजणारी धून. नाना रात्रपाळीहून आले की सगळ्या कॉलनीला कळायचं.

मग 2005 नंतर स्विफ्ट आली आणि कुत्रा, धून, स्पॉयलर सगळं एका रात्रीत गावठी ठरलं. "त्या काळी लोकांना काही कळत नव्हतं भो," नाना म्हणाले. नाना 'लोक' म्हणतात तेव्हा ते स्वतःबद्दल बोलत असतात, हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

स्विफ्टला क्रोम. दाराच्या हँडलवर क्रोम, आरशावर क्रोम, हेडलाइटभोवती क्रोम, पेट्रोलच्या झाकणावर क्रोम. डॅशबोर्डवर सागवानी दिसणारं स्टिकर, सीटला बदामी कव्हर. गाडी व्हीएक्सआय होती. मागचा बिल्ला मात्र नानांनी झेडएक्सआयचा लावला. उधन्याकडच्या दुकानात तो वेगळा मिळतो. काचांना इतकी काळी फिल्म, की वहिनी आत आहेत की नाहीत हे खुद्द नानांना दार उघडल्यावर कळे. 2012 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या फिल्मवर बंदी घातली. नानांनी वहिनींचा हेअर ड्रायर घेतला आणि चारी काचांची फिल्म सोलली. मग तीन पावलं मागे. "मोकळी दिसते. त्या काळी लोकांना..."

क्रोमचा निकाल मात्र न्यायालयाने नाही, हजीऱ्याच्या हवेने लावला. प्लॅस्टिकवरचं क्रोम म्हणजे मुळात तांबं आणि निकेलचे थर, वर क्रोमियमचा पापुद्रा. त्यात हा डबल टेपने चिकटवणारा बाजारी माल. सुवालीच्या किनाऱ्यावरून येणारा खारा वारा कडेने आत शिरला, फोड आले, पापुद्रे उठले. आयुष्यभर दुसऱ्यांचे पॅच नापास करणाऱ्या माणसाच्या गाडीला कांजिण्या झाल्या. मी तसं बोलून दाखवलं, तर नाना शांतपणे म्हणाले, "मीटर प्लॅस्टिकवर चालत नाही भो. खाली लोखंड लागतं."

यात एकट्या नानांना काय हसायचं? अमेरिकेत जनरल मोटर्सने 1927 मध्ये हार्ली अर्ल नावाच्या माणसाला मुद्दाम गाड्यांच्या रूपाचं खातं काढून दिलं. दरवर्षी नवा पत्रा, नवा रंग. म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी बघून गेल्या सालच्या गाडीवाल्याला लाज वाटली पाहिजे. वाढत वाढत 1959 च्या कॅडिलॅकला मागे रॉकेटसारखी शेपटं आली. त्याच वाऱ्याची एक झुळूक फियाटला लागली आणि आपल्या पद्मिनीच्या पाठीवर ती दोन छोटी टोकं उभी राहिली. त्याआधीच्या गोलमटोल फियाटला मुंबईकर डुक्कर फियाट म्हणत, तेही प्रेमाने. कोट्यवधी डॉलर ओतून डेट्रॉइटने जे जगाला शिकवलं, ते नाना उधन्याच्या दुकानातून पाचशे रुपयांत करत होते.

पुढे क्रेटा. आता क्रोम म्हणजे लग्नाचा बँडवाला, सगळं काळं पाहिजे. ग्रिल काळं, छत काळं, लोगोसुद्धा काळा. कंपन्याही एव्हाना मुद्दाम 'डार्क एडिशन' काढून त्याचे जास्त पैसे घेऊ लागल्या होत्या. पुढे लावलेला भलाथोरला बंपर गार्ड 2017 च्या शेवटी केंद्र सरकारच्या फर्मानाने उतरला. त्या गार्डमुळे एअरबॅगच्या सेन्सरला धक्काच कळत नाही, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा नाना वहिनींकडे बघून क्षणभर गप्प झाले होते. चाकं 'डायमंड कट' अलॉयची. शेजारचे हिरे पारखणारे भाई एकदा गमतीने डोळ्याला भिंग लावून चाकापाशी बसले आणि म्हणाले, "नानाभाई, आमां हीरो क्यां छे?" नाना तीन पावलं मागे गेले. हिरा बघायला तीन पावलं मागे जाणारा सुरतेतला हा पहिला माणूस असावा.

आणि मग आली तोफ. एल अँड टीच्या हजीऱ्याच्या कारखान्यात के-9 वज्र तोफा तयार होतात. मूळ कोरियन बनावटीच्या, 155 मिलिमीटरच्या, पट्ट्यांवर धावणाऱ्या. पहिल्या शंभर तोफा 2021 पर्यंत लष्कराकडे गेल्या. त्यांतली एक ट्रेलरवरून जाताना नानांनी पाहिली. ना क्रोम, ना चकाकी. अंगावर फक्त तो मळकट हिरवा मॅट रंग. रस्ता रिकामा नव्हता, तरी ते मागे गेले. "हा चेहरा!" एवढंच बोलले.

पुढच्या रविवारी क्रेटावर ऑलिव्ह ग्रीन मॅट रॅप. आता गंमत अशी, की केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 क्रमांकाचा नियम हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही लावू देत नाही. नानांना हे ओएनजीसी पुलावर एका ट्रॅफिक हवालदाराने समजावलं. हवालदार वयाने लहान होता. पण कोपऱ्यावरची रॅपची घडी नखाने उचलून त्याने विचारलं, "काका, तोफ कुठाय?" नानांनी दंड भरला. नंतर म्हणाले, "पोराला नजर आहे." गाडी पुन्हा पांढरी झाली.

नाना हरलेले मी एकदाच पाहिले. 2020 च्या नोव्हेंबरात हजीरा-घोघा रोपॅक्स फेरी सुरू झाली. रस्त्याने 370 किलोमीटर पडणारं अंतर समुद्रातून नव्वदवर आलं, आणि सौराष्ट्रातलं निम्मं सुरत आपापल्या गाड्या घेऊन गावी निघालं. आम्हीही भावनगर बघायला गेलो. जहाजाच्या पोटात गाड्या अशा खेटून लावतात की दार उघडून पोट आत ओढून बाहेर पडावं लागतं. नानांच्या समोर एक जुनी, निगा राखलेली काँटेसा उभी राहिली. मागे ट्रक, उजवीकडे टेम्पो. नाना एक पाऊल मागे गेले, ट्रकला टेकले आणि तिथेच अडले. खलाशी ओरडला, सगळ्यांना वर पाठवलं. घोघा येईपर्यंत नाना डेकवर कुणाशी धड बोलले नाहीत.

एवढं लिहून झाल्यावर एक गोष्ट सांगितली पाहिजे. न सांगून चालणारच असतं, तर सांगितली नसती. कॉलनीत कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की नानांना नेतं. माझा पहिला परिच्छेद नव्या गाड्यांपुरता. नंदुरबारकडचा एक वेल्डर पोरगा, घरात पहिली चारचाकी घेणारा, पै-पै साठवून वॅगन-आर बघायला गेला तेव्हा नाना रात्रपाळी करून तसेच सोबत गेले. इथे मात्र ते मागे सरकले नाहीत. गुडघ्यावर बसले आणि खिशातला मीटर काढून पत्र्यावर टेकवत गेले. बॉनेट, एकशे दहा. पुढचं दार, एकशे वीस. मागचं दार, सहाशे. "इथे पुट्टी भरलीय. ठोकलेली आहे." छताच्या खांबापाशी पुन्हा सहाशे. मालक 'एकदम अनटच' म्हणत होता, तो हळूहळू पानाच्या टपरीकडे गेला. पोराचे पैसे वाचले. चहा नानांनीच पाजला आणि परतीच्या वाटेवर त्याला मड फ्लॅप कुठले घ्यावेत यावर अर्धा तास पिडलं.

मला कधीकधी वाटतं, बाकी नानांच्या हातात आहे तरी काय? हेल्मेटचा रंग कंपनीचा, बूट कंपनीचे, क्वार्टर शेजारच्या क्वार्टरसारखी, भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज. दिवसभर तपासलेल्या व्हेसलवरचा रंग ग्राहकाच्या स्पेसिफिकेशनचा. आवडीने लावलेलं एकच काय ते त्या गाडीवर असतं, आणि तेही दोन-तीन वर्षांत नावडतं होतं.

2025 च्या नोव्हेंबरात टाटांची सिएरा परत आली. नाना मला ओढत शोरूमला घेऊन गेले. मूळची 1991 ची, तीन दारांची. मागच्या बाजूची काच छतापर्यंत वळत गेलेली. नाना ती अमळनेरला कुणा कंत्राटदाराच्या दारात प्रथम बघायला गेले होते. काचेला नाक लावून आत बघत होते, तर ड्रायव्हर खेकसला, "ए, लांब हो! तीन पावलं मागे!" हे नानांनी मला शोरूममध्ये, एसीखाली उभं राहून, अगदी सहज सांगितलं. मग जाऊन नव्या सिएराच्या काचेला नाक लावलं. शोरूमचा पोरगा काही बोलला नाही. नानांनी गाडी घेतली नाही, चेहऱ्याबद्दलही काही बोलले नाहीत. फक्त बाहेर आल्यावर म्हणाले, "काच तेवढी वळत नाही आता."

नानांची मुलगी बँकेत लागली आणि तिने स्वतःच्या पगारावर टियागो ईव्ही घेतली, पांढरी. पोलादी रिम, आत साधं कापड, ॲक्सेसरीच्या यादीवर तिने काट मारली. फ्लोअर मॅटसुद्धा नको म्हणाली. इलेक्ट्रिक गाडीला समोरून इंजिनाचा रेडिएटर गार ठेवायचा नसतो, म्हणून ग्रिलची जागा सपाट बुजवलेली. नाना तीन पावलं मागे गेले. आणखी एक गेले. "अगं, हिला तोंडच नाही!"

"पप्पा, तिला खायला लागत नाही."

पंधरा दिवसांनी बघतो तर त्या बुजवलेल्या जागेवर आडवी, सरळ, हाताने कापून बसवलेली क्रोमची पट्टी. टेप आयात केलेला, कडा सीलंटने बंद केलेल्या. खाऱ्या हवेचा पक्का बंदोबस्त. पोरगी चिडली असणार, असं धरून मी तिला विचारलं, काढत का नाहीस?

"राहू द्या काका," ती म्हणाली, "पुढच्या दिवाळीपर्यंत तेच काढतील. त्या काळी लोकांना कळत नव्हतं म्हणून."