येलहंक्याचं रिसर्चवेड

यंदाच्या संक्रांतीला आमच्या येलहंका न्यू टाउनमधल्या एका हळदीकुंकवाला वाण काय लुटलं असेल, ओळखा बरं! प्लास्टिकचा डबा? चुकलात. चहाची गाळणी? ती आपल्या आयांच्या काळात गेली. बाई, बाई, बाई! मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन बुद्धी मोजून देतात ना, त्या चाचणीचं कूपन! तेही सवलतीचं! मराठी बायकांना तिळगुळाच्या पुडीबरोबर, कन्नड शेजारणींना एळ्ळु-बेल्लच्या पाकिटाला टाचणी लावून. माझा अत्तराचा हात तसाच हवेत राहिला.

तुम्ही पुण्या-सांगलीत बसून म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, तुम्हाला आमच्याकडची हवा ठाऊक नाही. येलहंका म्हणजे केंपेगौडांच्या घराण्याची जुनी जहागीर, बंगळूर वसायच्याही आधीचं गाव. आता विमानतळाच्या वाटेवर असल्यामुळे इथे कोपऱ्याकोपऱ्यावर शाळा आहेत: अमुक इंटरनॅशनल, तमुक ग्लोबल, ढमुक वर्ल्ड. आणि शाळा जितक्या, त्याच्या दसपट रिसर्च. लिफ्टमध्ये रिसर्च, भाजीच्या गाडीपाशी रिसर्च, सोसायटीच्या गणपतीत आरती आणि प्रसादाच्या मधल्या वेळात रिसर्च. पूर्वी बायका ‘आमच्या सासूबाई म्हणतात’ असं म्हणून वाद मिटवायच्या. आता ‘रिसर्च म्हणतो’ म्हणतात. सासूबाईंना निदान माघारी नावं ठेवता यायची!

तर त्या ठशांच्या चाचणीचं नाव ऐका: डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट. निम्मे पैसे नावातच वसूल. दहा बोटं यंत्रावर टेकवायची, की जाडजूड रंगीत अहवाल हातात. बी ब्लॉकमधले साडेचार वर्षांचे एक चिरंजीव त्यात ‘कायनेस्थेटिक लर्नर’ निघाले. म्हणजे अंग हलवत शिकणारे. त्याच आठवड्यात त्यांनी सोफ्यावरून टीपॉयवर उडी मारून काच फोडली होती, तेव्हा हे निदान त्यांच्या आजीने फुकटात केलं असतं. हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 साली बुद्धी एक नसते, अनेक असतात, असं मांडलं. ती बोटांच्या टोकावर छापलेली असते, हे मात्र त्याच्या नावावर दुसऱ्यांनीच खपवलं. ठसे तर पोर आईच्या पोटात असतानाच उमटून जातात. त्याला ना अक्षर ठाऊक, ना अंक. देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना, इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, हिनेही या चाचणीला शास्त्राचा आधार नाही असं सांगून टाकलंय. मी हे हळूच घरच्या बाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, पण चाळीस टक्के सूट आहे!’ यावर विज्ञान काय बोलणार?

दुसरी एक फॅशन मध्यंतरी जोरात होती, तिचे चाहते अजून आहेत. मिडब्रेन ॲक्टिव्हेशन! पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि पोर म्हणे फडाफडा वाचतं, चेंडूचा रंग ओळखतं. मंगळूरचे नरेंद्र नायक आणि इतर विवेकवादी कार्यकर्ते कित्येक वर्षं जाहीरपणे दाखवत आले, की पोरं नाकाजवळच्या फटीतून खाली बघत असतात. ती फट नीट बुजवली की दिव्यदृष्टी गुल. म्हणजे बघा, हजारो रुपये भरून आपण लेकराला शिकवलं काय? चोरून बघायला, आणि वर तो चमत्कार आहे असं सांगायला!

तिसऱ्या मजल्यावरची सून गरोदर आहे. तिच्या पोटाला हेडफोन लावलेत. आत मोझार्ट चालू. ‘रिसर्च म्हणतो, आयक्यू वाढतो.’ या रिसर्चची कुळकथा तर ऐकाच. 1993 साली ‘नेचर’मध्ये एक छोटासा निबंध आला. 36 विद्यार्थी, तेही कॉलेजातले घोडे. दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, लगेच कागदाच्या घड्या ओळखण्यासारखी कोडी दिली. गुण जरा वाढले आणि पाव तासात परिणाम विरून गेला. बस्स, एवढंच. त्यात ना बाळ, ना पोट. पण 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत भेट द्यायला सरकारी पैसे मागितले! तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्याला का हसायचं? उलट आमची सून काटकसरी म्हणायची. तिचे हेडफोन जुने आहेत.

असा सगळा रंग भरलेला असताना त्या हळदीकुंकवात खरा अनर्थ घडला. कोपऱ्यात निपाणीहून लेकीकडे आलेल्या एक आजी बसल्या होत्या. इतका वेळ मुकाट ऐकत होत्या. त्यांनी हातातला हरभरा सोलता सोलता विचारलं, ‘ते सगळं खरं गं बाई. पण पोरगं निजतंय किती वाजता?’

काय सांगू तुम्हाला! दिवाणखान्यात अशी शांतता पसरली, जणू कुणी पगार विचारला.

कारण हिशेब सगळ्यांना येत होता. शाळेची बस मदर डेअरीपाशी सहा-पन्नासला. म्हणजे उठवायचं पावणेसहाला. संध्याकाळी रोबोटिक्स, मग अबॅकस, मग गृहपाठ, मग ‘थोडासा’ मोबाईल. पाठ टेकायला साडेदहा. झाले सव्वासात तास. आता हाही रिसर्चच आहे बरं का, आणि पक्का: अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या अकादमीने 2016 साली सांगितलं की 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप हवी आणि 13 ते 18 वर्षांच्यांना 8 ते 10. वयात येणाऱ्या मुलांच्या शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. रात्री त्यांना लवकर झोप येत नाही, त्यात लाडावण्याचा काही संबंध नाही. सिएटलच्या शाळांनी 2016 मध्ये मोठ्या मुलांची घंटा 7:50 वरून 8:45 वर नेली, तर मुलं सरासरी 34 मिनिटं जास्त झोपली. आम्हाला वाटलं होतं, उशिरा घंटा म्हणजे रात्री जास्त जागरण. तसं झालं नाही. मुलांनी चक्क झोपून घेतलं!

आपल्याकडेही कुणाला सुचलं नाही असं नाही. महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस 2023 च्या डिसेंबरात मुलांच्या झोपेबद्दल बोलले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने आदेश काढला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. लगेच बसवाल्यांनी आणि दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांनी कपाळाला हात लावला. आमच्या बंगळुरातही 2023 साली शाळांच्या वेळा बदलायची चर्चा झाली. कशासाठी म्हणता? मुलांच्या झोपेसाठी? छे हो! वाहतूक कोंडीसाठी! लेकरू पेंगतंय याचं काही नाही, गाडी अडकते याचं दुःख.

आजी एवढ्यावर थांबतील तर शपथ. ‘आणि खेळतंय कुठं?’ दुसरा बॉम्ब. आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर पाटी आहे: चेंडू खेळण्यास मनाई. अल्लाळसंद्र, पुट्टेनहळ्ळी, जक्कूर, एवढे तलाव जवळ असून पोरांनी ते बसच्या खिडकीतून पाहिलेले. दर दोन वर्षांनी एरो इंडियाची लढाऊ विमानं डोक्यावर कोलांट्या मारायला लागली की तेवढी पोरं गच्चीवर पळतात. बाकी वेळ मान खाली. मग तिसरीत चष्मा, आणि आई म्हणते, ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही हो!’ चीनमधल्या ग्वांगझू शहरातला प्रयोग 2015 साली प्रसिद्ध झाला. पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज 40 मिनिटं जादा उघड्यावर नेलं. तीन वर्षांत या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लांबचं अंधुक दिसू लागलं, वर्गात बसलेल्यांपैकी 39.5 टक्क्यांना. तैवानने तर 2010 पासून शाळेतल्या मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रमच हाती घेतला. औषध कुठलं? ऊन. तेही दुकानात मिळत नाही.

इथेच खरी गोम आहे, आणि ती सांगायला मी इतका वेळ पदर खोचून बसलेय. आम्हाला रिसर्चचं वेड आहे असं कोण म्हणतं? आम्हाला बिलाचं वेड आहे! ज्या संशोधनाला पावती मिळते, ते आम्हाला तत्काळ पटतं. झोपा, खेळा, उन्हात जा, घरच्या भाषेत बोला, हे सांगणारा रिसर्च फुकट. म्हणून तो ‘आजीचं काहीतरीच’ ठरतो. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. आणि आम्ही? वॉचमनशी कन्नड, भाजीवाल्याशी हिंदी आणि पोटच्या पोराशी ‘कम हिअर, बेटा’! मराठी फक्त नवऱ्याला रागावताना. 2024 च्या जानेवारीत केंद्र सरकारने सोळाच्या आतल्या मुलांना कोचिंग क्लासात घेऊ नका असं बजावलं, तर आमच्याकडे सहावीपासूनच्या क्लासची नावं बदलली. आणि याच शहरातल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून मोबाईल आणि गेमच्या नादी लागलेल्यांसाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक चालतं, हे मला कळलं कुठून? रात्री पावणेबाराला, अंथरुणात, मोबाईलवर. शेजारी लेक डोळे मिटून जागाच होता.

खोटं कशाला बोलू, ते कूपन मीही पर्समध्ये टाकलं होतं. चाळीस टक्के म्हणजे थोडे नाहीत. पण जानेवारी संपला तशी त्याची मुदत संपली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी अबॅकसला दांडी मारू दिली. माझा चौथीतला लेक सकाळी पावणेनऊपर्यंत झोपला. उठला तो आपणहून, न रडता. दूध प्यायला, आणि खाली जाऊन मनाईच्या पाटीखालीच चेंडू खेळला. सेक्रेटरींचा निरोप आलाय, दंड होणार आहे. भरीन. त्याची पावती मिळेल, म्हणजे आमच्या बायकांनाही हा उपाय पटेल.

पुढच्या संक्रांतीला मात्र हळदीकुंकवाला माझ्याकडे यायचं हं. वाणात उशीचा अभ्रा देणार आहे. घरी जाऊन पोराच्या उशीला घाला आणि साडेआठला दिवा मालवा. आणि कुणी विचारलंच, की हे काय नवीन खूळ, तर बेलाशक सांगा, रिसर्च म्हणतो!