तक्रार लहान आहे, तरीही

विम्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती लहान आहे. माझा क्लेम कुणी बुडवलेला नाही, मला कुणी फसवलेलंही नाही. जर्मनीत राहणाऱ्या चारचौघांसारखाच माझाही गाडीचा विमा आहे, घरसामानाचा आहे, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा आहे. हप्ते वेळच्या वेळी जातात. वैताग येतो तो बारीकसारीक गोष्टींचा: एखादं पत्र, एखादी तारीख, न सापडणारा आकडा. एवढ्याशा गोष्टींवरून कोर्टात कुणी जात नाही, म्हणून त्या तशाच चालू राहतात.

पण या सगळ्यांचं मूळ एकच आहे असं माझं मत झालं आहे, आणि ते मूळ लहान नाही. विमाग्राहकाचं रक्षण करायचं म्हणजे त्याला माहिती पुरवायची, असं युरोपातल्या कायद्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं आहे. माहिती हातात दिली की कंपनी मोकळी. पुढे ती वाचायची, लक्षात ठेवायची, तारीख पाळायची, हे सगळं ग्राहकाच्या अंगावर.

कागदापासून सुरुवात करतो. 2016 चा युरोपीय विमावितरण निर्देश 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झाला. आयुर्विमा सोडून बाकीच्या विम्यांसाठी त्याने एक माहितीपत्रक सक्तीचं केलं. ए-फोर आकाराची दोन पानं, फारच गरज पडली तर तीन. अक्षर केवढं असावं तेही ठरलेलं: मात्रा-वेलांट्या नसलेल्या साध्या रोमन छोट्या अक्षराची उंची किमान 1.2 मिलिमीटर. कशाचा विमा आहे त्यापुढे हिरवी बरोबरची खूण, कशाचा नाही त्यापुढे लाल फुली, आणि जिथे मर्यादा आहेत तिथे नारिंगी उद्गारचिन्ह. कल्पना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. 

माझ्या घरसामानाच्या विम्याचं पत्रक समोर ठेवूनच हे लिहितो आहे. हिरव्या खुणांची यादी ऐसपैस आहे: आग, चोरी, नळाचं पाणी, वादळ, गारपीट. उद्गारचिन्हापुढे लिहिलंय की काही बाबतींत भरपाईला मर्यादा आहे. केवढी मर्यादा? ते अटींमध्ये पाहा. अटींची पुस्तिका वेगळी, ती जाडजूड, आणि तिच्यातल्या कलमांमधून दुसऱ्या कलमांकडे बोट दाखवलेलं. शिवाय या दोन पानांत कितीही शोधलं तरी एक गोष्ट सापडत नाही: हप्ता किती. हप्ता कसा भरायचा, केव्हा भरायचा हे सांगायला निर्देशाने लावलं आहे, रकमेचा उल्लेख मात्र यादीत नाही. दोन कंपन्यांची पत्रकं शेजारी ठेवून तुलना करावी म्हटलं तर किंमत तिसऱ्याच कागदावर असते. अक्षराची उंची मोजणाऱ्याला किमतीचा चौकोन का सुचला नाही, हा माझा प्रश्न आहे.

यात सगळा दोष कंपन्यांना देणं अन्यायाचं होईल. एकाच विम्यासाठी तीन-तीन कायद्यांखाली माहितीचे ढीग द्यावे लागतात, त्यातला बराच मजकूर पुन्हा पुन्हा तोच असतो, ही तक्रार ब्रसेल्समधली विमा कंपन्यांची संघटना ‘इन्शुरन्स युरोप’ वर्षानुवर्षं करते आहे. देणारा आणि घेणारा दोघेही त्रासलेले असताना कागद वाढतच जातो, कारण कागद दिल्याचा पुरावा ठेवता येतो. समजल्याचा पुरावा कुणी मागत नाही.

आता पॉलिसी सोडण्याबद्दल. जर्मनीत गाडीच्या विम्याचं वर्ष बहुतेकांच्या बाबतीत 31 डिसेंबरला संपतं. सोडायचा असेल तर एक महिना आधी कळवावं लागतं, म्हणजे 30 नोव्हेंबर. त्या दिवशी पत्र टाकून चालत नाही, कंपनीला ते पोचलेलं असावं लागतं. तारीख हुकली आणि हप्ता वाढला नसेल, तर आणखी एक वर्ष त्याच कंपनीत. हप्ता वाढला तर मात्र पत्र मिळाल्यापासून एक महिना विशेष हक्क असतो.

तो वाढला की नाही हे ओळखणं हीच मोठी कसरत आहे. अपघाताविना एक वर्ष गेलं की आपण सवलतीच्या वरच्या वर्गात जातो आणि हप्ता कमी व्हायला हवा. त्याच वेळी कंपनी मूळ दर वाढवते. एक खाली, एक वर, आणि बिलावर येणारा आकडा गेल्या वर्षीइतकाच किंवा थोडा कमीसुद्धा. माणूस समाधानाने बिल फायलीत लावतो. गेल्या वर्षी याच वर्गात असतो तर किती पडलं असतं, तो तुलनेचा आकडा बिलावर असतो खरा. माझ्या बिलावर तो दुसऱ्या पानावर, बँकेच्या तपशिलाच्या वर, एका ओळीत होता. सोडण्याचा हक्क त्या एका ओळीवर अवलंबून होता.

मी सोडायचं ठरवलं. पॉलिसी घेतली होती ती रात्री जेवणानंतर, मोबाइलवर, चहा निवायच्या आत. सोडण्यासाठी त्याच संकेतस्थळावर बटण शोधलं, ते नव्हतं. ईमेल लिहिला. उत्तर टपालाने आलं: आमचा सल्लागार संपर्क साधेल. सल्लागाराचा फोन आला, बोलणं अगदी अदबीचं, आणि त्यांनी तीच पॉलिसी, त्याच अटींवर, कमी हप्त्यात देऊ केली. कमी हप्ता परवडत होता तर आधीच का लावला नाही, असं मी विचारलं. हा दर नव्या ग्राहकांसाठी असतो, असं उत्तर मिळालं. म्हणजे निष्ठेची किंमत मी जास्तीचे पैसे देऊन मोजत होतो.

बटण का नव्हतं, त्याचं उत्तर कायद्यात आहे. 1 जुलै 2022 पासून जर्मनीत ऑनलाइन करारांसाठी रद्द करण्याचं बटण सक्तीचं आहे. जिम, मोबाइलची जोडणी, मासिकाची वर्गणी, सगळं त्या बटणावर सुटतं. नागरी संहितेच्या ज्या कलम 312के मध्ये हे आहे, त्याच कलमात वित्तीय सेवांचे करार वगळले आहेत. विमा ही वित्तीय सेवा. शेजारच्या फ्रान्समध्ये 1 जून 2023 पासून विमासुद्धा तीन क्लिकमध्ये रद्द करता येतो, आणि घराचा किंवा गाडीचा विमा पहिलं वर्ष झाल्यावर कधीही सोडता येतो, तेही 2015 पासून. तिथल्या विमा कंपन्यांचे धंदे काही बुडाले नाहीत. सक्तीचा गाडीविमा माणूस सोडून बसला तर रस्त्यावरच्या इतरांचं काय, ही शंका रास्त आहे. म्हणूनच तिथे गाडीच्या बाबतीत नवी कंपनीच जुन्या कंपनीला कळवते आणि मध्ये एक दिवसही मोकळा जात नाही.

निष्ठेच्या दंडावरही इलाज झालेले आहेत. ब्रिटनने 1 जानेवारी 2022 पासून घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला बंदी घातली. आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने 1 जुलै 2022 पासून वर्षागणिक गुपचूप दर चढवण्याला चाप लावला. जर्मन ग्राहकाने काय पाप केलं आहे?

नो क्लेम बोनसची गोष्ट इथल्या प्रत्येक मराठी घरात निघते. पुण्यात पाच वर्षं एकही क्लेम न करता गाडी चालवली की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्के सूट मिळते. युरोपीय संघाच्या 2021 च्या सुधारित गाडीविमा निर्देशाने एका सदस्य देशातला क्लेमचा इतिहास दुसऱ्या सदस्य देशात कमी लेखायला मनाई केली, हे उत्तमच झालं. पण पुण्याचा दाखला मानायचा की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर. कात्रजच्या घाटात वर्षानुवर्षं ओरखडा न पाडता गाडी चालवलेली बाई इथे नवशिकी ठरते आणि नवशिक्याचा हप्ता भरते.

इथपर्यंतच्या तक्रारी पैशाच्या आणि वेळेच्या आहेत. पण माहिती देण्याघेण्यावर सगळा भार टाकण्याची हीच सवय माणसाच्या जिवाभावाच्या गोष्टींपर्यंत पोचते. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या माणसाला कर्जासोबतच्या विम्याच्या अर्जात आजाराची माहिती भरावी लागते आणि पुढे हप्ता चढतो किंवा नकार येतो. फ्रान्सने 2022 मध्ये उपचार संपून पाच वर्षं झाली की ते सांगण्याची गरजच काढून टाकली. दोन लाख युरोपर्यंतचं आणि साठाव्या वाढदिवसाआधी फिटणारं गृहकर्ज असेल तर आरोग्याची प्रश्नावलीच नाही. युरोपीय संघाच्या 2023 च्या ग्राहककर्ज निर्देशाने मात्र कमाल मर्यादा 15 वर्षांची ठेवली. आजार तोच, शरीर तेच, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे दहा वर्षांचा फरक पडू शकतो. हे मला सहन होत नाही.

आणि मग जर्मनीतलं आर नदीचं खोरं. जुलै 2021 च्या पुरात त्या एका खोऱ्यात 130 हून अधिक माणसं गेली. घरंच्या घरं वाहून गेली. जर्मनीत घराच्या इमारतीचा नेहमीचा विमा आग, नळाचं पाणी, वादळ आणि गारपीट यांचा असतो. नदीच्या पुरासाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. अनेकांनी ते जोडलेलं नव्हतं. देशभरात तेव्हा निम्म्याच्या आसपास घरांनाच ते होतं. अटींत तसं लिहिलेलं होतंच. कायद्याच्या नजरेने कळवण्यात कसूर नव्हती. पुनर्बांधणीसाठी सरकारला 30 अब्ज युरोपर्यंतचा निधी उभारावा लागला.

त्याच देशात बाडेन-व्ह्युर्टेंबर्ग राज्यात सुमारे 94 टक्के घरांना पुराचं हे संरक्षण आहे. तिथले लोक अटी जास्त बारकाईने वाचतात म्हणून नव्हे. तिथे 1994 पर्यंत इमारतीचा हा विमा सक्तीचा होता, मक्तेदारी असलेल्या सार्वजनिक संस्थांकडे होता, आणि युरोपच्या सामाईक बाजारपेठेच्या नियमांमुळे ती मक्तेदारी मोडावी लागली तरी संरक्षण पॉलिसीत टिकून राहिलं. फ्रान्समध्ये 1982 पासून प्रत्येक घरविम्यात नैसर्गिक आपत्तीचं संरक्षण आपोआप असतं. त्यासाठीचा अधिभार 1 जानेवारी 2025 पासून 12 वरून 20 टक्के झाला, तो लोकांना टोचतो. पण पाणी घरात शिरल्यावर आपल्याकडे ते संरक्षण आहे का, हे कपाटातली फाइल काढून शोधावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जे रक्षण वाचल्याशिवाय मिळत नाही ते वाचणाऱ्यांनाच मिळतं, आणि वाचायला वेळ, भाषा आणि सवड असलेली माणसं मुळातच कमी अडचणीत असतात. नव्याने आलेला कामगार, एकटी राहणारी आजी, रात्रपाळीची नर्स यांच्यासाठी दुसरं काहीतरी हवं. पुराचं संरक्षण प्रत्येक घरविम्यात असावं आणि नको असेल त्याने ते नाकारावं. घरविम्यात हे संरक्षण आणण्याचा शब्द जर्मनीच्या 2025 च्या युतीकरारात दिलेला आहे, तो पाळला जावा. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हप्ता असावा. बिलाच्या पहिल्या पानावर तुलनेचा आकडा असावा.

आणि बटण. युरोपचा 2023 चाच दुसरा एक निर्देश 19 जून 2026 पासून ऑनलाइन विम्यालाही माघार घेण्याचं बटण लावायला सांगतो. पण ते साधारण पहिल्या 14 दिवसांपुरतं, आयुर्विम्यात 30. पंधराव्या दिवसापासून ग्राहक पुन्हा ईमेल, टपाल आणि सल्लागाराच्या फोनच्या स्वाधीन. रद्द करण्याच्या बटणासाठी ब्रसेल्सची वाट पाहायची गरज नाही. बर्लिनमध्ये बसलेल्या खासदारांनी कलम 312के उघडावं आणि वित्तीय सेवांना सूट देणारे त्यातले शब्द खोडावेत. एका दुपारचं काम आहे.